लीला बलवंतोव्हना

"लीला बलवंतोव्हना!"

वांग्यांच्या ढिगापलीकडून हाक आली आणि माझी बायको गर्रकन वळली. माझ्या बायकोचं नाव मृणाल.

हाक मारणारा माणूस उंच होता. जळगावच्या उन्हाने त्याचं नाक आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. डोक्यावर पांढरी सुती टोपी, हातात दोऱ्याची जाळीदार पिशवी आणि पिशवीत केळ्यांची फणी. तो गर्दीतून वाट काढत आला, माझ्याकडे पाहून त्याने मान तुकवली आणि तिच्याशी बोलू लागला. तीही बोलू लागली.

तिला रशियन येतं हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. सुटे शब्द मी तिच्या तोंडून ऐकले होते. सलग बोलणं त्या सकाळी पहिल्यांदा ऐकलं. मला त्यात कुठे शब्द संपतो आणि कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. मधूनच 'श्च' असा आवाज यायचा, तापलेला तवा पाण्यात घातल्यासारखा. पण मी ऐकत होतो तो तिचा आवाज. घरात तो पातळ आहे, वरच्या पट्टीतला, वाक्य संपता संपता विरणारा. इथे तो खाली उतरला होता आणि वाक्याच्या शेवटापर्यंत टिकत होता. मग ती हसली. ते हसणंही माझ्या ओळखीचं नव्हतं.

वांगीवाली बाई तराजू हातात धरून त्या दोघांकडे पाहत होती. "भाऊ, तुमाले समजतं का काही?" तिने मला विचारलं.

"नाही."

"ताई तर त्याच्यावानीच बोलते. एका शाळेतले वाटतात."

तो गेला. वांगी घेऊन आम्ही स्कूटरवर बसलो.

"लीला कोण?" मी विचारलं.

"मीच की. लग्नाआधीची."

"आणि पुढचं ते?"

"बलवंतोव्हना. बळवंतची मुलगी. ळ त्यांना म्हणता येत नाही. त्यांच्यात नावापुढे वडिलांचं नाव लावतात. मुलाला ओविच, मुलीला ओव्हना. नुसत्या नावाने मोठ्या माणसाला हाक नाही मारायची."

"वडिलांचं नाव आपल्यातही लावतात. लग्नानंतर नवऱ्याचं लावतात."

"तेच त्यांना कळेना! कामावरच्या माझ्या पासवर मधे तुमचं नाव आहे ना, पहिल्या दिवशी त्यांनी त्यालाच ओव्हना जोडलं. म्हणजे मी तुमची मुलगी झाले." मागच्या सीटवर ती हसत होती, मला पाठीला जाणवत होतं. "हे आत्ता भेटले ते गेन्नादी पावलोविच मला विचारतात, तुमचे वडील पेपरात आहेत असं कळलं, तब्येत कशी असते त्यांची?"

"मग?"

"मग मी खरं नाव सांगितलं."

मृणाल हे नाव मी ठेवलं होतं. लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीने मी ते लिहिलं, तेव्हा माझ्या आईने दोनदा वाचून दाखवायला लावलं होतं. 'खरं' हा शब्द तिने मुद्दाम वापरला नसावा. मी रोज दुसऱ्यांच्या मजकुरातले शब्द कापण्याचं काम करत असे आणि कोणता शब्द मुद्दाम असतो आणि कोणता नसतो हे मला कळत होतं. मुद्दाम वापरला असता तर मला कमी लागलं असतं.

आणखी एक गोष्ट त्या स्कूटरवर लक्षात आली. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि तिने माझं नाव कधी उच्चारलं नव्हतं. आमच्यात बायका उच्चारत नाहीत. मी 'अहो' होतो. तो गेन्नादी पावलोविच होता, बापाच्या नावासकट.

*

तिचे वडील भुसावळला रेल्वेत गार्ड होते. त्यांनी मुलीला पुण्याला रशियन शिकायला ठेवलं तेव्हा नातेवाईक विचारत, "पोरगी काय रशियात द्यायची आहे का, बळवंतराव?" मुलगी शेवटी जळगावात दिली. पाच वर्षं तिचं रशियन घरात पडून होतं.

अगदीच पडून नव्हतं. मी तेव्हा इथल्या दैनिकात उपसंपादक होतो. रविवारची पुरवणी लावताना पानाच्या कोपऱ्यात बोटभर जागा उरायची. मी घरी येऊन तिला म्हणायचो, "एक शब्द दे." ती देत असे. रशियनमध्ये दिवस आणि रात्र मिळून एक शब्द आहे, 'सूत्की'. इंग्रजीत तसा नाही, पण आपल्याकडे अहोरात्र आहे. उकळलेल्या पाण्याला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, आपल्या आधणासारखा. आपलंच आडनाव असलेल्या पण नात्याच्या नसलेल्या माणसाला त्यांच्याकडे एक शब्द आहे आणि जगात तो कुणाकडे असो नसो, मराठीत आहे: आडनावबंधू. हे सांगताना ती दोन्ही हातांत दोन वस्तू धरून वजन केल्यासारखं करायची. वाचकांना ती चौकट आवडायची. चौकटीखाली नाव नसायचं.

मग तापीकाठी पिंपळवाडीला वीजकेंद्र उभं राहू लागलं, रशियन तज्ज्ञ आले आणि तिला दुभाषी म्हणून बोलावणं आलं. मीच तिला सोबत घेऊन मुलाखतीला गेलो होतो. घरात दोन पगार येणार होते, आई खूश होती. वर्षभर सगळं ठीक चाललं. फक्त शब्द थांबले. मी विचारायचो, "आज काही?" ती बूट काढता काढता म्हणायची, "आठवत नाही हो. दिवसभर तेच बोलून डोकं रिकामं होतं."

एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आईला सांगत होती, की त्या रशियन साहेबाच्या जाळीच्या पिशवीला 'अवोस्का' म्हणतात, म्हणजे 'कदाचित-पिशवी'. दुकानात कदाचित काही मिळालं तर असावी म्हणून खिशात ठेवलेली. आई खूप हसली. मी बाहेर पेपर वाचत होतो. तो शब्द मला कुणी दिला नाही.

*

बाजारातल्या त्या सकाळनंतर काही दिवसांनी पिंपळवाडीत पहिल्या संचाची चाचणी झाली आणि पत्रकारांना बोलावलं. खरं तर तिथे आमचा वार्ताहर जायचा. मी त्याला दुसरं काम दिलं आणि आमच्या फोटोग्राफरला, शिरसाठला, घेऊन स्वतः गेलो.

गेन्नादी पावलोविच टर्बाइनसमोर उभा राहून बोलत होता. ती त्याच्या डाव्या खांद्यामागे, अर्धं पाऊल मागे. तो एक वाक्य बोलायचा, थांबायचा, मग ती बोलायची.

"मी वीस वर्षं या यंत्रांवर काम करतोय," माझी बायको म्हणाली. "इजिप्तमध्ये होतो, इराणमध्ये होतो. इतकी धूळ मी कुठेच पाहिली नाही. माझी बायको लेनिनग्राडला असते. ती म्हणते, तू टर्बाइनशी लग्न करायला हवं होतंस."

सगळे हसले. शिरसाठ माझ्या कानाशी लागला. "वायकोळे, वहिनींची बायको लेनिनग्राडला असते. तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"दुभाष्याची ती पद्धत असते," मी म्हणालो. "समोरचा 'मी' म्हणाला की त्यानेही 'मी' म्हणायचं."

"ते खरं हो. पण 'मी करतोय' काय, 'मी होतो' काय! अगदी पुरुषासारखं. आणि चेहरा बघा, जराही हलत नाही."

चेहरा हलत नव्हता हे खरं होतं. तो थांबला की तिचे ओठ उघडायचे, त्याने हात केला तर तिचा हातही किंचित वर जायचा. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. एकमेकांकडे इतकं न पाहता इतकं जमणारी दोन माणसं मी तोवर पाहिली नव्हती. आमच्या घरात मीठसुद्धा मला तिच्याकडे दोनदा मागावं लागायचं.

त्याच आठवड्यात तिने मॉस्कोचं सांगितलं. दुभाष्यांचा दहा महिन्यांचा अभ्यासक्रम होता, खर्च तिकडचा, आणि वीजकेंद्रातून तिचं एकटीचं नाव सुचवलं होतं. घरच्यांचा होकार हवा होता.

"कुणी सुचवलं?"

"गेन्नादी पावलोविचनी."

"तोही जाणार असेल."

"त्यांची मुदत संपतेय मार्चमध्ये. ते लेनिनग्राडला जातील. मी मॉस्कोला असेन. दोन्हीत जळगाव ते पुण्याहून जास्त अंतर आहे," ती म्हणाली. तिला माझ्या प्रश्नाचा रोख कळला होता.

"बघू," मी म्हणालो.

आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही. ते तिलाही माहीत होतं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "त्यांना तुमच्याशी बोलायचंय. रविवारी घरी येतील."

"कोणत्या भाषेत बोलायचंय?"

"मी आहे ना," ती म्हणाली.

*

रविवारी दुपारी तो आला. आईसाठी त्याने लोकरीची शाल आणली होती. आईने ती उलगडून पाहिली.

"जळगावात लोकर! मे महिन्यात काय डोक्यावर घेऊ?" ती म्हणाली.

मला वाटलं, मृणाल हे गाळेल. तिने गाळलं नाही. तिने रशियनमध्ये ते सांगितलं, हात डोक्यापर्यंत नेला, अगदी आईसारखा, आणि तो खदखदा हसला.

"अगं, ते कशाला सांगितलंस!"

"तुम्ही बोललात ना आई. मी सगळं सांगते. अर्धं सांगायला लागले तर माझ्यावर कोण विश्वास ठेवेल?"

जेवायला वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी होती. मी आणि तो टेबलाशी समोरासमोर बसलो. मृणालने स्टूल घेतलं आणि ती आमच्या मधे, टेबलापासून हातभर मागे बसली. तिच्यासमोर ताट नव्हतं.

"तू का बसत नाहीस जेवायला?" आई दारातून म्हणाली.

"मी जेवले तर बोलेल कोण, आई?"

त्याने भरताचा पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मग भराभर बोलू लागला.

"माझी आई अगदी हेच करायची," मृणाल म्हणाली. "वांगी निखाऱ्यावर भाजून. फक्त मिरची नव्हती. मिरची नसल्यामुळे आपल्या आयुष्यात काहीतरी कमी आहे हे आम्हाला कळलंच नाही."

आई पदराने तोंड झाकून हसली. ती दारातच खाली बसली आणि चौकशीला लागली. "त्याला विचार, त्यांच्यात दिराला काय म्हणतात?"

"देवेर," तो म्हणाला.

"आता माय! देवरच झाला की. आणि सुनेला?"

"स्नखा."

"स्नुषा," मी म्हणालो. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

"आणि नवऱ्याच्या आईला 'स्वेक्रोव्ह'," मृणाल म्हणाली. "श्वश्रू."

"हे लोक आपल्यातलेच दिसतात," आईने निकाल दिला. "कुठं एवढ्या थंडीत जाऊन बसले."

मी मृणालला त्याला विचारायला सांगितलं, की मराठी कानाला कशी लागते. एरवी मी हे सहज विचारलं असतं. त्या दिवशी मला त्याला काहीतरी वाईट बोलायला लावायचं होतं.

"सुताराच्या दुकानावरून चालत गेल्यासारखी," मृणाल त्याच्या आवाजाच्या चढउतारासकट म्हणाली. "जीभ टाळूला ठोके मारत असते. ट, ठ, ळ, ण. पहिले सहा महिने मला वाटायचं, सगळे भांडताहेत. मग शेवटी सगळे हसायचे आणि चहा यायचा. तेव्हा कळलं की भांडत नव्हते."

"कधीकधी भांडतही असतो," मी म्हणालो. तिने ते सांगितलं. तो हसला नाही. त्याने हात पुसले, ताकाचा पेला उचलला आणि उभा राहिला. त्यांच्यात जेवताना कामाचं बोलायचं तर उभं राहून, हातात पेला घेऊन बोलतात, हे मला माहीत नव्हतं. मी बसलो होतो. मग मीही पेला घेऊन उठलो.

"मी सरळ बोलतो," माझी बायको म्हणाली. "तुमच्या घरी मी एक मागणी घेऊन आलोय. लीला बलवंतोव्हनाला मॉस्कोला जाऊ द्या. तिला जे येतं ते शिकवून येत नाही, पण जे शिकवून येतं ते तिला इथे कुणी शिकवणार नाही. मी गेल्यावर दुसरा इंजिनियर येईल, वीजकेंद्र पुरं होईल आणि तिचं काम संपेल. मग ती पुन्हा घरी बसेल. ते योग्य होणार नाही."

स्वतःबद्दल हे सगळं ती 'ती' म्हणून सांगत होती, भिंतीकडे पाहत.

"सांग त्यांना," मी म्हणालो, "आमच्याकडे बायको हे एकट्या माणसाचं प्रकरण नसतं. घर असतं, आई असते."

तिने सांगितलं. आई दारातून म्हणाली, "माझं नाव नको घालू मधे. मला धडधाकट हात आहेत." तिने तेही सांगितलं.

"मला कळतं," उत्तर आलं. "माझीही बायको माझ्याशिवाय राहते. त्याला किंमत मोजावी लागते हे मला कुणी सांगायला नको."

"तुमच्या बायकोला हिच्याबद्दल माहीत आहे?"

"हो. पत्रात कळवलंय. लिहिलंय की इतक्या वर्षांनी एक दुभाषी मिळाली जी माझ्या वाक्याचं शेपूट कापत नाही."

तो हसला. तीही त्याच्या जागी जराशी हसली, दुभाषीचं हसणं. मला ते सहन झालं नाही. पेला मी टेबलावर ठेवला.

"त्यांना विचार, त्यांचं आणि माझ्या बायकोचं नातं काय आहे."

मृणालने माझ्याकडे पाहिलं. "हेच विचारू?"

"हेच."

"याच शब्दांत?"

"तू सगळं सांगतेस ना?"

ती त्याच्याकडे वळली आणि तिने विचारलं. आवाज बाजारात होता तसाच, खालचा, भरलेला. माझा प्रश्न तिने माझी होऊन विचारला. 'माझी बायको' म्हणताना ती क्षणभरही अडखळली नसावी. आई मधेच स्वयंपाकघरात जाऊन भाकरी थापू लागली होती, तो आवाज थांबला.

तो रागावला नाही. खाली बसला. तिला प्रत्येक वाक्याला वेळ मिळावा म्हणून तो सावकाश, थांबत थांबत बोलला. ती त्याच्या मागोमाग बोलत गेली.

"प्रश्न रास्त आहे. माझ्या बायकोनेही विचारला असता... मी खरं ते सांगतो. मला बरेच दुभाषी मिळाले. काही घाबरट होते. काही पदरचं घालायचे. त्यांच्याशी बोलताना मला सारखं जाणवायचं, की आमच्या मधे कुणीतरी बसलंय... लीला बलवंतोव्हना असली की मधे कुणी नसतं. मी मिस्त्रीशी बोलतो, फिटरशी बोलतो. आत्ता तुमच्याशी बोलतोय. ती इथे आहे हे मी विसरूनही गेलो होतो. तुम्ही आठवण करून दिलीत... नातं विचारलंत. खिडकीच्या काचेशी माणसाचं असतं, ते. काच उत्तम असली की ती दिसत नाही. बाहेरचं दिसतं. याहून मोठी स्तुती मला येत नाही."

तो खरं बोलत होता. वर्षानुवर्षं लोकांची निवेदनं घेणाऱ्याला एवढं कळतं. माझा संशय त्या क्षणी फिटला आणि मी सुटकेची वाट पाहिली. ती आली नाही, कारण मी तिच्याकडे पाहत होतो.

'काच' या शब्दाशी तिचा आवाज गेला. पुढची वाक्यं तिने पुरी केली, एकही शब्द न गाळता, पण घरातल्या आवाजात. पातळ, शेवटाला विरणाऱ्या. माझ्या प्रश्नाने जो चेहरा हलला नव्हता तो त्याच्या स्तुतीने हलला होता. त्याने तिला सुंदर म्हटलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं. तिचा हात धरला असता तर काय करायचं ते मला माहीत होतं. तो माणूस तिला पाहतसुद्धा नव्हता, आणि ते तिला लागलं होतं. मी काय विचारलं ते लागलं नव्हतं.

"काय म्हणाला गं तो?" आईने दारात येऊन विचारलं.

"चांगलं म्हणाले, आई. मी काच आहे म्हणाले. उत्तम काच."

"काच?" आई म्हणाली. "बाईला काच म्हणतात का कुठं?"

हे मात्र मृणालने त्याला सांगितलं नाही. ती उठली, मांडणीवरून एक ताट काढलं, स्टूल टेबलाशी ओढलं आणि आमच्या मधे बसली. भरीत वाढून घेतलं, भाकरी मोडली, एक घास खाल्ला. तो शांतपणे चावून संपवला. आम्ही दोघे पाहत होतो.

मग ती बोलू लागली. रशियनमध्ये, त्याच्याशी. मी काही बोललो नव्हतो आणि तोही काही बोलला नव्हता, तेव्हा हे कुणाचंच भाषांतर नव्हतं. आवाज आधी पातळ होता, मग उतरत गेला. ती मधेच थांबली, शब्द शोधला, तो सापडल्यावर बोटाने टेबलावर हलकेच ठोकलं. एकदा माझ्याकडे न पाहता हात माझ्या दिशेने केला. एकदा स्वतःच्या ताटाकडे. एकदा आईकडे, आणि तेव्हा ती किंचित हसली. भाजीची वाटी गार झाली. मी त्या आवाजात एखादा ओळखीचा शब्द सापडतो का ते ऐकत राहिलो. देवेर नाही, स्नखा नाही, माझं नावही नाही. पाऊणशे शब्दांच्या बातमीचा गाभा मी एका नजरेत काढत असे. इथे मला एक अक्षर काढता आलं नाही.

ती बोलत असतानाच गेन्नादी पावलोविचने टोपी हातात घेतली. तो उभा राहिला. त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या दुपारभरात पहिल्यांदाच पाहिलं, आणि बराच वेळ. मग तो एकच लहानसं वाक्य बोलला आणि ती मानेने 'हो' म्हणाली.

"काय म्हणालीस त्याला?" मी विचारलं.

"ते माझं होतं," ती म्हणाली. "भाषांतर मी दुसऱ्यांचं करते."

"आणि तो? तो काय म्हणाला?"

"ते मला म्हणाले."

तो निघाला. आईला त्याने वाकून नमस्कार केला. माझा हात हातात घेऊन दाबला. दारातून त्याने तिला नावाने हाक मारली आणि निरोप घेतला. मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो. आमच्यात एकही समान शब्द नव्हता, त्यामुळे आम्ही दोघेही रस्त्यावरच्या गाईकडे पाहत चाललो.

परत आलो तेव्हा ती ताटं गोळा करत होती. आई आत गेली होती. मी खुर्चीत बसलो. माझा निर्णय मी फाटक ते दार एवढ्या अंतरात घेतला होता. तो उदारपणाचा नव्हता. जे काही माझ्या टेबलाशी घडलं ते माझ्याशिवाय घडलं होतं. निदान त्याचा शेवट तरी माझ्या तोंडून व्हावा, एवढंच मला हवं होतं.

"मृणाल," मी म्हणालो, "जा तू मॉस्कोला. मी होकार देतो."

ती एका ताटावर दुसरं ताट रचत होती.

"हो," ती म्हणाली. "जाईन म्हणून मघाशीच सांगितलंय मी त्यांना."

मी विचारलं, "एवढंच? तू तर केवढा वेळ बोलत होतीस."

"रशियनमध्ये लागतो वेळ," ती म्हणाली आणि ताटं घेऊन आत गेली.

ती गेली, ठरल्या मुदतीने परत आली. पुढे आम्ही पुण्याला आलो. तिने पुष्कळ वर्षं दुभाषीचं काम केलं आणि आता घरी रशियन शिकवते. गेन्नादी पावलोविचचं नाव आमच्या घरात क्वचित निघतं, निघालं तर सहज निघतं. त्या दुपारी ती काय बोलली ते मी पुन्हा विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

पण मध्यंतरी एका समारंभात माझ्या शेजारी रशियनच्या एक निवृत्त प्राध्यापिका बसल्या होत्या. चहा पिता पिता मी त्यांना विचारलं, की 'मी जाईन' हे रशियनमध्ये सांगायला किती वेळ लागतो?

"वेळ?" बाई हसल्या. "एक शब्द आहे हो. मराठीसारखंच. जाईन."